केबलचे सतरा किलोमीटर, रस्त्याचे किती?

या आठवड्यात पुन्हा जेसीबीने केबल तोडली. बँकेत रांग थांबली, आणि रस्त्याच्या कडेला दोन तंत्रज्ञ फायबरमधली तूट शोधणारे ओटीडीआर यंत्र घेऊन भर उन्हात उभे. तूट सतरा किलोमीटरवर आहे, हे यंत्राने मिनिटभरात सांगितले. खड्डे मात्र दुपारभर खणले जात होते.

दोष यंत्राचा नाही. त्यातला इवलासा सेमीकंडक्टर लेझर काचेच्या तंतूत क्षणभराचा स्पंद सोडतो आणि परतणारा क्षीण प्रकाश किती उशिरा आला ते मोजतो. किलोमीटरभर जाऊन यायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. स्पंद १० नॅनोसेकंदांचा असला तर मीटरभराचाही फरक कळतो, पण तो फार लांब पोहोचत नाही. १० मायक्रोसेकंदांचा स्पंद दूर जातो, पण किलोमीटरभरातले दोन जॉइंट त्यात एकच दिसतात.

यंत्र मोजते ती वेळ. तिचे अंतर करायला काचेचा अपवर्तनांक लागतो. तो १.४६८ ऐवजी १.४५८ भरला, की वीस किलोमीटरमागे सव्वाशे मीटरहून जास्त चूक होते. शिवाय चेंबरांमध्ये गुंडाळून ठेवलेली जादा केबल असतेच. केबलचे सतरा किलोमीटर म्हणजे रस्त्याचे सतरा नव्हेत.

आता जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहा; तिथेही सारा हिशेब उशिराचाच. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही तर कित्येक किलोमीटर लांब पसरलेल्या. प्रत्येकीकडून आलेला संकेत लेझरवर स्वार होऊन फायबरमधून केंद्रात येतो. प्रत्येकीच्या फायबरची लांबी वेगळी, म्हणून उशीरही वेगळा. त्यात पृथ्वी फिरते तसा आकाशातून येणारा उशीर क्षणोक्षणी बदलतो. हे सारे उशीर भरून काढल्याशिवाय तीस तबकड्या मिळून एक दुर्बीण होतच नाही. म्हणून तिथे प्रत्येक फायबरचा उशीर माहीत असावाच लागतो. आपल्याकडे तीच काच, तशाच जातीचे लेझर. पण केबल पुरली की तिचा हिशेबही मातीखाली जातो.

पुरलेल्या केबलचा नकाशा हाती आल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक चेंबरपाशी ओटीडीआरचा आकडा, गुंडाळलेल्या केबलची लांबी आणि जीपीएसची जागा एका ओळीत लिहा. तो कागद खोदकामाच्या आदल्या दिवशी जेसीबी चालवणाऱ्याच्या हातात द्या.