कर्ज नाही, म्हणून पतही नाही?

मराठवाडा, सोलापुरातून पुण्यात येऊन कोंढव्यात स्थिरावलेली कित्येक कुटुंबं आपल्या ओळखीची आहेत. व्याज नको म्हणून अनेकांनी कधी कर्जच घेतलं नाही. पण दुकानासाठी बँकेत गेलं की ऐकावं लागतं, 'तुमचा सिबिल नाही.'

हा स्कोअर ३०० ते ९०० दरम्यान असतो. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड कधी घेतलंच नाही, तर स्कोअर येणार कुठून? म्हणजे कर्ज बुडवणारा नोंदीत दिसतो, उधारी टाळणारा दिसतच नाही.

मात्र रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांचा हवाला देऊन केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलंय की, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये. त्यामुळे नकार मिळाला तर कारण लेखी मागा.

अर्थात, बँक उत्पन्न तपासणारच. म्हणून रोजचा गल्ला खात्यातून फिरवा. क्रेडिट कार्डाचं बिल मुदतीत पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज लागत नाही आणि नोंदही तयार होते. शरई बाजू आलिमांना विचारा. जामीन राहताना जपा, दुसऱ्याची थकबाकी आपल्याही नावावर दिसते. वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मिळतो, तो जरूर पाहा.

कर्ज न घेणं हा गुन्हा नाही. पण कागदावर अनोळखी राहणं आता आपल्याला परवडणारं नाही, असं आम्हाला वाटतं.