घरातला कॅमेरा : आधी जागा, मग खरेदी

इतवारीतील दुकानावर रात्रभर कॅमेऱ्याची नजर असणे ही नागपूरच्या व्यापारी कुटुंबांना आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिखरजीची यात्रा किंवा बाहेरगावचे लग्न ठरले की तसाच कॅमेरा घरातही असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दुकानातील कॅमेरा गिऱ्हाइकांकडे पाहतो. घरातील कॅमेरा वर्षाचे बहुतेक दिवस घरच्यांकडेच पाहत असतो.

या फरकाचे गांभीर्य फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसून आले. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर पोहोचल्याचे उघड झाले आणि तपासाचे धागे लातूर व सांगलीपर्यंत आले. अशा चोरीला फार कौशल्य लागतेच असे नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो उपकरणे ताब्यात घेतली, ती कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. त्यांत कॅमेरेही मोठ्या संख्येने होते.

म्हणून प्रथम जागा ठरवावी. मुख्य दाराची आतली बाजू आणि तिजोरीकडे जाणारी वाट एवढे पुरेसे असते. शयनगृह, कपडे बदलण्याची खोली आणि पाहुण्यांची खोली वर्ज्य मानावी. सुना, मुली आणि घरकामाच्या बाई यांना कॅमेरा कोठे आहे हे सांगावे. घरी असताना तो बंद ठेवला तरी बिघडत नाही.

नंतर साठवणुकीचा हिशेब करावा. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सुमारे २१ जीबी जागा लागते. म्हणजे १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसांत भरते व जुने चित्रण पुसले जाऊ लागते. पंधरा दिवसांच्या यात्रेसाठी हालचाल झाली तरच चित्रण करणारी सोय निवडावी. चोर कॅमेऱ्यासह कार्डही नेऊ शकतो. त्यामुळे चित्रणाची एक प्रत क्लाउडवर असावी. वीज गेल्यावर कॅमेरा चालू राहावा यासाठी इंटरनेटचा राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा.

खरेदी करताना बीआयएस नोंदणी पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. बसवणारा कारागीर निघून गेल्यावर पासवर्ड घरच्यांनीच बदलावा. तिजोरीची किल्ली जशी विश्वासाच्या दोन हातांतच राहते, तसाच हा पासवर्डही राहावा.