जुन्या गाडींत नवें एंजिन

एंजिन म्हणजे मोटारीचें काळीज, असें आपण सहज बोलून जातों. मग तें काळीजच काढून त्याच्या जागीं दुसरें बसविलें, तर मोटार तीच राहिली कीं निराळी झाली? हा प्रश्न आमच्यापुढें एका पत्रानें आला आहे. पत्रलेखक हे आमचे जुने विद्यार्थी असून सध्यां इंग्लंडांत असतात. त्यांचे वडील तेथें डॉक्टर होते. मुलांचें शालेय शिक्षण मात्र इकडे आजीजवळ झालें. वडिलांनीं काटकसर करून १९७१ सालीं बनलेली एक एम्. जी. बी. मोटार घेतली होती. वडील वारले, मोटार मागें राहिली. तिचें एंजिन आतां तेल पितें, धूर ओकतें आणि चढावर दम टाकतें. धाकटे बंधु, म्हणजे पत्रलेखक, म्हणतात कीं त्या जागीं अधिक ताकदीचें एंजिन बसवून गाडी हिंडती ठेवावी. थोरले म्हणतात कीं एंजिन काढलें त्या दिवशीं वडिलांची गाडी गेली. दोघेहि आमच्याच हाताखालून गेलेले, तेव्हां निवाडा आम्हीं द्यावा अशी विनंति आहे. दोघां भावांत हल्लीं बोलणें कमी झालें आहे, असें पत्राच्या अखेरीस एका ओळींत लिहिलेलें आहे. आणि त्या ओळीसाठींच आम्हीं हा विषय या सदरांत घेतला.

थोरल्यांचा पक्ष शास्त्रार्थांत अगदींच लंगडा नाहीं. वस्त्रांतून एक तंतु ओढून काढला कीं जुना पट नष्ट होऊन नवा खंडपट उत्पन्न होतो, असें मानणारे नैयायिक त्यांचे साक्षी होतील. धाकट्यांना हवा असल्यास ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांतला नागसेन भिक्षु मिळेल. आंस, चाकें, जूं यांपैकीं एकटें कोणतेंहि म्हणजे रथ नव्हे, हें त्यानें यवन राजा मिलिंद याजकडून कबूल करवून घेतलें होतें. परंतु शास्त्रार्थानें मोटार चालत नाहीं. म्हणून लोखंडाकडे वळूं.

एम्. जी. बी. ही गाडी १९६२ सालीं निघाली आणि १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घनसेंटिमीटरांचें, ओतीव लोखंडाचें; शक्ति सुमारें ९५ अश्वांची. भरंवशाचें आणि दुरुस्तीस सोपें, पण शर्यतीच्या तोऱ्याच्या गाडीस किंचित् कमीच. म्हणून १९६७ सालीं कारखान्यानेंच त्याच देहांत सहा सिलिंडरांचें, २९१२ घनसेंटिमीटरांचें एंजिन घातलें व गाडीस एम्. जी. सी. असें नांव दिलें. शक्ति वाढली खरी, पण तें लोखंडाचें धूड इतकें जड कीं गाडीचें नाकच जड झालें आणि वळणावर ती वळण्यास कुरकुर करूं लागली. टीकाकारांनीं तिला सडकून झोडपलें. १९६९ सालीं तिचा कारभार आटोपला.

दुसरा प्रयोग साधला, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीनें १९६१ सालीं आठ सिलिंडरांचें, ॲल्युमिनियमचें एक एंजिन काढलें आणि १९६३ सालीं तें सोडून दिलें. इंग्लंडांतील रोव्हर कंपनीनें १९६५ सालीं त्याचे हक्क विकत घेतले, व जन्मघरीं नकोसें झालेल्या या पोरानें विलायतेस दत्तक जाऊन तीन तपांहून अधिक काळ संसार केला. तें ३५२८ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट, तरी एम्. जी. बी.च्या लोखंडी एंजिनाहून सुमारें ४० पौंडांनीं हलकें! १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो नामक इंग्रज शर्यतपटूनें तें या गाडींत बसवून दाखविलें. मग कारखान्यासहि जाग आली, आणि १९७३ ते १९७६ या काळांत त्यानें स्वतः अशा २,५९१ गाड्या काढल्या. त्यांची शक्ति १३७ अश्वांची.

धाकट्यांच्या मनांत आहे तें हेंच एंजिन. निवड चांगली आहे. पण एंजिन बदलणें म्हणजे कंदिलाची कांच बदलणें नव्हे, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. घरांत नवी सून आली कीं चूल, माजघर, देवघर सर्वांनाच थोडें सरकावें लागतें; गाडीचेंहि तसेंच. कॉस्टेलोच्या पहिल्या गाड्यांत कार्ब्युरेटर मावेनात, म्हणून बॉनेटवर टेंगूळ काढावें लागलें. कारखान्यानें ते मागें सरकवून तें टेंगूळ टाळलें. अधिक उष्णता काढण्यास रेडिएटर पुढें न्यावा लागतो. वेग वाढला कीं थांबण्याची शक्तीहि वाढली पाहिजे, म्हणून पुढील ब्रेकच्या चकत्या जाड हव्यात. मागच्या आंसाचें प्रमाण तर बदलावेंच लागतें. मूळ गाडींत चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाकडून येणारा दांडा सुमारें ३.९ वेळां फिरे. कारखान्यानें आठ सिलिंडरांच्या गाडीस हें प्रमाण ३.०७ वर आणलें. तें न केल्यास बलवान् एंजिन उगीचच किंचाळत राहतें.

आतां खरी अडचण. १९७४ सालच्या अखेरीस या गाडीस रबरी बंपर आले, त्या वेळेपासून पुढील सर्वच गाड्यांच्या आंतील पत्र्यांत या मोठ्या एंजिनाजोगी जागा आयती ठेवलेली असते. १९७१ च्या गाडींत ती नाहीं. तेथें पत्रा ठोकावा, प्रसंगीं कापावा लागतो, आणि धुराच्या नळ्यांस स्टिअरिंगच्या दांड्याजवळून वाट काढून द्यावी लागते. या गाडीस निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा.

विलायतेंतील वाहननोंदणी खात्यानें कित्येक वर्षें एक गुणपत्रिका चालविली होती, ती आम्हां शिक्षकांस पाहतांच आवडली. फेरफार केलेल्या गाडीनें जुना नंबर ठेवण्यास ८ गुण मिळवावेत असा नियम होता. मूळ सांगाड्यास वा देहास ५ गुण. चाकांचा झोला, आंस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांस प्रत्येकीं २. आणि ज्यास आपण काळीज म्हणतों त्या एंजिनास अवघा १! सांगाडाच कापून फिरविला, तर मात्र बाकीचे गुण असूनहि निभाव लागत नसे. या कारकुनी कोष्टकांत आमच्या मतें पुष्कळ शहाणपण आहे. काढलेलें एंजिन उद्यां परत बसवितां येतें. कापलेला पत्रा पूर्ववत् होत नाहीं.

परत बसविण्याची पाळी येते का, असें कोणी विचारील. येते. ट्रायम्फ कंपनीची स्टॅग ही गाडी १९७० ते १९७७ पर्यंत निघाली. तिचें आठ सिलिंडरांचें एंजिन तापण्याविषयीं कुप्रसिद्ध. त्याचा पाण्याचा पंप इतका उंचावर कीं पाणी थोडें उतरलें कीं पंप कोरडा. कंटाळून पुष्कळांनीं तें काढून वर सांगितलेलें रोव्हरचेंच एंजिन बसविलें. पुढें त्या तापावर उपाय सांपडले, हौशी लोक मूळ एंजिनाचीच गाडी मागूं लागले, आणि ज्यांनीं जुनें एंजिन भंगारांत दिलें होतें ते तें शोधीत फिरूं लागले.

तेव्हां आमचा निवाडा असा. धाकट्यांनीं वडिलांच्या गाडीचा पत्रा कापूं नये. मूळ एंजिन उतरवून त्याचे सिलिंडर, पिस्टन, बेअरिंगें नवीं करावींत. या गाडीचे सुटे भाग विलायतेंत आजहि सहज मिळतात, व हें काम दुसरें एंजिन बसविण्याहून पुष्कळ स्वस्त पडतें. तेल पिणें व धूर ओकणें तेवढ्यानें थांबेल. ९५ चे १३७ होणार नाहींत. आठ सिलिंडरांची हौस उरलीच, तर रबरी बंपरची एखादी दुसरी गाडी पाहावी. थोरल्यांनींहि गाडी आच्छादन घालून कोठींत बंद ठेवण्याचा आग्रह धरूं नये; न चालणारी मोटार आंतून गंजते, तिचें रबर कडक होतें, पेट्रोल आंबतें.

आणि एवढें सांगूनहि धाकट्यांनीं एंजिन बदललेंच, तर नव्या एंजिनाचा क्रमांक नोंदणीखात्यास व विमा कंपनीस कळवावा. जुनें एंजिन तेल निथळून साफ करावें, प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, सर्व भोंकें बुचांनीं बंद करावींत, तें लांकडी चौकटीवर कोरड्या जागीं ठेवावें, आणि त्यावरील क्रमांक दोघां भावांनीं आपापल्या वहींत उतरून घ्यावा.