दोन गुण

माझ्या एम.ए.च्या गुणपत्रकावर ८०० पैकी ४३८ गुण आहेत. ५४.७५ टक्के. चाकूरच्या बसस्थानकाजवळ बसून मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, त्याचं कारण हा आकडा.

प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गातून बसायचं तर पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीवला ५०. अपूर्णांक वर ओढून पूर्ण करायचा नाही, हेही नियमातच आहे. मी दोन गुणांनी बाहेर. "पाव टक्क्यानं कुठं अडतंय व्हय?" म्हणत वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरले. अडतंय. दुसऱ्या विषयात पुन्हा एम.ए. करायची तेव्हा ऐपत नव्हती.

परवा एक पोरगं आलं. बी.ए., सेकंड क्लास. गुणपत्रकाची घडी उलगडेना. "काका, एमपीएससीचा फॉर्म भरू का नको? मार्क लई कमी हायत."

मी स्क्रीनच त्याच्याकडे फिरवली. राज्यसेवेच्या बहुतेक पदांना नुसती पदवी लागते, यूपीएससीलाही तेच. तलाठी भरतीलाही पदवी चालते, वर्ग कुणी विचारत नाही. पोरगं दोनदा वाचून बघत राहिलं. तीन वर्षं मनात ओझं घेऊन फिरत होतं बिचारं.

पण बी.एड.ला खुल्या प्रवर्गातून पदवीला ५० टक्के हवेत. आयटीतल्या बऱ्याच कंपन्या दहावीपासून सगळीकडे ६० मागतात. म्हणजे मार्कांना काही किंमत नसते, हे म्हणणंही खोटंच. काही मोजक्या दारांवरच ते अडवतात, पण तिथं रडून भागत नाही.

गंमत बघा, आपला लातूर पॅटर्नचा मुलूख. बारावीच्या एकेका गुणासाठी घर गहाण पडतं आणि पदवीला म्हणायचं, पास झालं की बास! त्यात आता गुणपत्रकावर सीजीपीए येतो, अर्जात टक्केवारी मागतात. पोरं दहानं गुणून मोकळी होतात. तसं करू नका. विद्यापीठाचं सूत्र असतं, तेच लावायचं. विद्यापीठाचा कागद लागलाच तर अहमदपूर, लोह्यावरून नांदेड गाठावं लागतं.

शेवटच्या वर्षाला असाल आणि मास्तरकीचा विचार असेल, तर परीक्षेआधी गुणपत्रकं घेऊन या. बेरीज करून देतो, पैसे घेणार नाही.