मॅकरोनी-चीज : खा, पण जेवण म्हणून!

"डॉक्टर, मुलांना मॅकरोनी द्यावी की नाही?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणारी बहुधा आई असते, आणि शेजारी "मैद्याने आतडी चिकटतात" असे बजावणाऱ्या आजी बसलेल्या असतात. दोघींनाही माझे उत्तर एकच : आवडीने द्या, तुम्हीही खा, मात्र शक्यतो घरी करा आणि तिला जेवण समजा, मधल्या वेळचा चाळा नव्हे.

हा पदार्थ परका खरा. मॅकरोनी इटलीची, चीज घातलेली मॅकरोनी घरोघरी रुळली ती अमेरिकेत. तेथील अध्यक्ष जेफरसन यांच्याकडे १८०२ साली ती पाहुण्यांना वाढल्याची नोंद आहे. पुढे १९३७ साली, ऐन मंदीत, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजची भुकटी एका खोक्यात घालून विकायला काढली. १९ सेंटांत चार जणांचे जेवण! लक्षात घ्या, तेथे ती जेवण म्हणून विकली गेली. आपल्याकडे ती संध्याकाळी सहाचे 'काहीतरी खायला' म्हणून आली. गोंधळ आहे तो इथे.

"मुलाला भूकच लागत नाही, एखादे टॉनिक लिहून द्या," असे सांगत पालक येतात. मी विचारतो, सहा वाजता काय खाल्ले? उत्तर असते, एक पाकीट. मग आठ वाजता भाजी-भाकरी समोर आल्यावर भूक कोठून लागणार? अशा मुलाला टॉनिकची गरज नसते. बाटलीचे पैसे वाचवा आणि पाकिटाची वेळ बदला.

आता मैद्याविषयी. मैद्याने आतडी चिकटत नाहीत. मैद्यात चोथा कमी असतो, हा त्याचा खरा दोष. अस्सल मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या रव्याची असते. आपला बन्सी गहू याच जातीचा. म्हणजे ज्या घरी उन्हाळ्यात बन्सीच्या शेवया होतात, तेथे मॅकरोनीची चुलत बहीण पूर्वीपासून नांदते आहे! रव्याची मॅकरोनी बेताची शिजवली तर सावकाश पचते. गाळ केली तर तो फायदा कमी होतो. म्हणून पाकिटावर रवा लिहिला आहे की मैदा, ते वाचा.

चीजमध्ये प्रथिने व कॅल्शियम भरपूर. २० ग्रॅमच्या एका चकतीत सुमारे ४ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण ५ ग्रॅम स्निग्धांशही येतो आणि अर्ध्या ग्रॅमहून अधिक मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. मुलांना त्याहूनही कमी. तयार पाकिटावर मीठ 'सोडियम' या नावाने लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. नातवाच्या ताटलीत उरलेले "वाया जायला नको" म्हणून संपवणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांनी हा गुणाकार अवश्य करावा.

घरी करणे मुळीच अवघड नाही. चार जणांसाठी २०० ग्रॅम मॅकरोनी उकडून निथळावी. चमचाभर लोण्यावर दोन चमचे कणीक खमंग भाजून अर्धा लिटर दूध हळूहळू ओतावे आणि पिठले ढवळतो तसे ढवळावे, गुठळी होऊ देऊ नये. दाट झाले की चीजच्या चार चकत्या, मिरपूड, उकडलेले मटार व गाजर घालून मॅकरोनी मिसळावी. वरून मीठ घालू नये, चीजचे पुरते. रंगासाठी चिमूटभर हळद पुरे. कृत्रिम रंग काढून हळदीसारखे रंग वापरण्याचे क्राफ्ट कंपनीनेही अमेरिकेत २०१५ साली जाहीर केले होते! सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी, म्हणजे चोथ्याची उणीव भरून निघते. ज्यांना दूध पचत नाही, त्यांचे पोट यानेही बिघडू शकते.

काही घरांत यावर सरसकट बंदी असते. मग तीच पाकिटे मुले शिकवणीच्या वाटेवर फस्त करतात आणि घरी खोटे बोलतात. माझ्या मते हे चीजपेक्षा वाईट. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा रात्रीच्या जेवणाला सर्वांनी मिळून मॅकरोनी करावी, मटार मुलांनाच सोलायला लावावेत आणि पोटभर, हसत खावी. त्या दिवशी मात्र संध्याकाळी सहा वाजता कोणालाही काही देऊ नका. आठ वाजता भूक लागते की नाही, ते आपणच पाहा.