दोन चाकांवरील तोल

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने गुरुग्राम ओलांडले, की अरवली पर्वताच्या खुज्या, काटेरी झुडपांनी झाकलेल्या रांगांलगत मानेसर लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आता मोठी औद्योगिक नगरी झाले आहे. होंडा कंपनीने भारतात स्वतंत्रपणे काढलेला दुचाकी वाहनांचा पहिला कारखाना येथे 2001 मध्ये सुरू झाला. रस्त्यावर येऊ घातलेल्या वाहनांची तपासणी करणारे ‘आयकॅट’ हे आंतरराष्ट्रीय वाहन तंत्रज्ञान केंद्रही येथेच आहे. आणि 2003 मध्ये राष्ट्रार्पण झालेले राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही येथेच, टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. म्हणजे एकाच गावात मोटारसायकल तयार होते, यंत्रे तपासली जातात आणि मनुष्याच्या मेंदूचाही अभ्यास होतो. या तीन गोष्टी एकत्र मांडून विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोटारसायकलीविषयी आपल्या शाळांतून जे काही सांगितले जाते, ते बहुधा भयाच्या भाषेत असते. वेग वाईट, स्वारी धोक्याची, सबब तिच्यापासून दूर राहा. हा उपदेश निष्फळ ठरतो, यात मला नवल वाटत नाही. ज्या मुलाने मोठ्या भावाच्या मागे बसून एकदा तरी घाट उतरला आहे, त्यास ठाऊक असते, की या वाहनात अस्सल आनंद आहे. तो आनंद नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या इतर सांगण्यावरही मग त्याचा विश्वास उरत नाही. आनंद मान्य करूनच धोका सांगितला पाहिजे. कारण, जसे पुढे दिसेल, दोहोंचे मूळ एकच आहे.

ते मूळ म्हणजे तोल. चार चाकांची गाडी उभी असतानाही उभीच राहते. दोन चाकांची गाडी चालू लागल्यावरच स्थिर होते. असे का व्हावे, या प्रश्नाने शास्त्रज्ञांस दीडशे वर्षे गुंतवून ठेवले आहे. चाक भोवऱ्यासारखे फिरते म्हणून गाडी पडत नाही, असे उत्तर पुष्कळ पुस्तकांतून मिळते. परंतु 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात संशोधकांनी अशी सायकल बनवून दाखवली, की तिच्यात चाकांच्या फिरण्याचा तो परिणाम उलट फिरणाऱ्या चाकांनी नाहीसा केला होता, आणि तरीही ढकलून सोडल्यावर ती आपला तोल आपणच सांभाळत होती. गाडी ज्या बाजूस कलते त्या बाजूस तिचे पुढचे चाक आपोआप वळते, हे त्यातील मर्म. मात्र ते कोणत्या एकाच कारणाने घडते, असे सांगता येत नाही. रोज कोट्यवधी लोक वापरतात त्या साधनाविषयी इतके मूलभूत संशोधन इतक्या अलीकडे व्हावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

स्वाराचे शरीर मात्र हे शास्त्र न शिकताच जाणते. वेगात असलेली मोटारसायकल डावीकडे वळवायची असेल, तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळते, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. अनेक वर्षे गाडी चालवणारा मनुष्यही आपण असे करतो, हे मान्य करणार नाही. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना गाडीस सुमारे तीस अंश कलावे लागते. त्या कलण्यात पृथ्वीचे ओढणे व वळणाचे ढकलणे यांचा स्वाराच्या अंगात जो मेळ बसतो, तोच त्याचा आनंद होय. पक्ष्याच्या उड्डाणाशी लोक त्याची तुलना करतात, ती अगदीच अयोग्य नाही.

मोटारसायकलींत दोन जाती विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक केवळ डांबरी रस्त्यासाठी केलेली. दुसरी डांबरावर व कच्च्या वाटेवर, दोन्हीकडे चालणारी. दुसरीस मराठीत रूढ नाव नाही. जळी-स्थळी राहणाऱ्या बेडकास आपण उभयचर म्हणतो. त्या धर्तीवर मी येथे हिला ‘उभयमार्गी’ म्हणतो. ही गाडी उंच असते, तिचे धक्के शोषणारे दांडे लांब असतात, टायरांवर मातीत रुतून पकड घेणारे जाड ठोकळे असतात. हीरो कंपनीने 2011 मध्ये ‘इम्पल्स’ आणि 2019 मध्ये ‘एक्सपल्स’ या नावाने अशा गाड्या विक्रीस आणल्या. रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ 2016 ची.

उभयमार्गी गाडी हा एक प्रकारचा समझोता आहे. टायरांवरील ज्या ठोकळ्यांमुळे मातीत पकड मिळते, त्यांच्यामुळेच डांबराशी रबराचा स्पर्श कमी होतो. जी उंची दगडावरून नेते, तीच आखूड पायांच्या स्वारास सिग्नलपाशी पाडते. चाके जाम होऊ न देणारी जी ब्रेक-यंत्रणा, जिला सर्वत्र एबीएस म्हणतात, ती डांबरावर प्राणरक्षक आहे. 2019 पासून 125 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींवर ती आपल्या देशात सक्तीची आहे. पण सैल खडीवर जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग रचते आणि त्या ढिगानेच गाडी थांबते. तेथे ही यंत्रणा थांबण्याचे अंतर वाढवू शकते. म्हणून अशा काही गाड्यांत मागच्या चाकापुरती ती बंद करण्याची सोय ठेवलेली असते.

कच्च्या वाटेचा आनंद वेगाचा नसून घसरण्याचा आहे, असे म्हटले तर अनेकांस विचित्र वाटेल. तेथे स्वार पायदानांवर उभा राहतो, गाडीस आपल्याखाली डोलू देतो, मागचे चाक थोडे सरकले तरी घाबरत नाही. ताशी 20 किलोमीटर वेगाने तो पाच वेळा पडतो, पाच वेळा उठतो, आणि पकड सुटण्यापूर्वी गाडी काय सांगते, हे त्यास कळू लागते. डांबरी रस्त्यावर ही सूचना वर्षानुवर्षे मिळतच नाही. आणि मिळते तेव्हा वेग ताशी 70 असतो व मागून मालमोटार येत असते. खडबडीत वाट भयंकर आणि गुळगुळीत रस्ता सुरक्षित, ही सामान्य समजूत मला म्हणूनच उलटी वाटते.

याचा अर्थ माती मऊ असते, असा नव्हे. डाकार या जगप्रसिद्ध शर्यतीत 2015 मध्ये अखेरपर्यंत पोहोचलेले पहिले भारतीय सी. एस. संतोष यांना 2021 मध्ये सौदी अरेबियात त्याच शर्यतीत डोक्यास गंभीर इजा झाली आणि डॉक्टरांस त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. ते वाचले. असे कौशल्य व असा सर्वांगाचा बचाव असलेल्या स्वाराची ही गत, तर चपला घालून कारखान्याच्या पाळीवर निघालेल्या तरुणाचे काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

रस्त्यावरील धोक्याचे पहिले कारण साधे गणित आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे 14 मीटर. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, असे धरू. कोरड्या चांगल्या रस्त्यावर त्यापुढे थांबण्यास आणखी 14 मीटर लागतात, एकूण 28. वेग ताशी 100 झाला, की पहिल्या सेकंदातच 28 मीटर जातात आणि ब्रेकसाठी 55, एकूण 83. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र नववीचा विद्यार्थी पाठ करतो. पण ते आपल्या दारातील गाडीस लागू आहे, असे त्यास कोणी सांगत नाही.

दुसरे कारण म्हणजे इतर लोक. अमेरिकेत हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील 900 मोटारसायकल अपघातांची स्थळावर जाऊन तपासणी केली आणि 1981 मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते, आणि अशा टकरींपैकी दोन-तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलीचा मार्गाधिकार मोडला होता. मोटारसायकल दिसलीच नाही, असे चालक सांगत. ते बहुधा खरेही असावे. समोरून येणारी अरुंद आकृती किती वेगाने जवळ येत आहे, याचा अंदाज मनुष्याच्या दृष्टीस नीट लागत नाही. मानेसरच्या महामार्गावर याच्या जोडीस एक स्वदेशी विशेष आहे. पुढचे वळण दूर पडते म्हणून उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार. ताशी 40 ने येणारा उलटा स्वार आणि ताशी 60 ने जाणारा सुलटा स्वार एकमेकांकडे ताशी 100 ने येत असतात. आळसाने वाचवलेले दोन किलोमीटर यापुढे फार स्वस्त वाटतात.

केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांतील सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50,029. आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. घरोघर एकच हेल्मेट असते व ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते. मागे बसणारी बहुधा पत्नी, आई किंवा मूल. तिच्या डोक्याचे वजन कमी भरते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

हेल्मेटास शिरस्त्राण हा जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. परंतु दुकानात तो उच्चारल्यास कोणास समजणार नाही, म्हणून येथे हेल्मेटच ठेवला आहे. या वस्तूच्या शास्त्राचा आरंभ एका अपघातापासून झाला. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडात मोटारसायकलीवरून पडले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या इजेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला, 1941 मध्ये हेल्मेटाच्या उपयोगाविषयी शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे केले. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटामुळे मृत्यूचा संभव सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो.

जानेवारी 2019 मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले. शहरात गाड्या हळू चालतात, मग हेल्मेट कशास, हा त्यातील एक ठळक युक्तिवाद. पुणेकरांच्या तर्कशक्तीविषयी आदर बाळगूनही येथे त्यांचे गणित चुकले, असे म्हणावे लागते. गाडी उभी असतानाही मनुष्य आडवा पडला, तर सुमारे 1.6 मीटर उंचीवरून खाली येणारे डोके ताशी 20 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. उघडी कवटी दोन मिलिमीटरांत थांबली, तर तिच्यावरील मंदन गुरुत्वत्वरणाच्या आठशे पट होते. हेल्मेटाच्या आतील थर्मोकोलसारखा थर 25 मिलिमीटर चेपला, तर तेच सुमारे 64 पट राहते. वरचे चकचकीत कवच नव्हे, तर आतला हा हलका, ठिसूळ थर डोके वाचवतो. तो एकदा चेपला, की हेल्मेट निकामी झाले. हनुवटीचा पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी उडून जाते. आय. एस. 4151 या भारतीय मानकाची खूण नसलेले हेल्मेट विकण्यास 1 जून 2021 पासून मनाई आहे. तथापि पदपथावर ते मिळते आणि घेणारा ते पोलिसांसाठी घेतो.

सक्ती असावी, असे माझे मत आहे. परंतु पोलिसाच्या भीतीने डोक्यावर चढलेले हेल्मेट पुढच्या चौकात कोपरावर येते. त्याआधी शाळेत भौतिकशास्त्राच्या तासास एक हेल्मेट उभे चिरून मुलांस दाखवावे, आणि वरील गणित त्यांच्याकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. यास खर्च फारसा नाही.

प्रशिक्षणाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. स्वारांस शिकवल्याने अपघात घटतात, असा निर्णायक पुरावा जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यातून निघालेला नाही. शिकलेला स्वार कदाचित अधिक धीट होतो. म्हणून कसरती शिकवू नयेत, थांबणे शिकवावे. आणि कच्च्या वाटेचा सराव करावयाचा तर राखून दिलेल्या मैदानावर करावा. मानेसरच्या आसपासच्या अरवलीत बिबळ्यांचा वावर आहे. तेथील पातळ माती एकदा टायरांनी उकरली, की पावसात वाहून जाते. आपल्या आनंदासाठी त्या टेकड्या नांगरण्याचा अधिकार कोणत्याही स्वारास नाही.

आज परवान्याच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी उमेदवारास आठाच्या आकड्यात हळूहळू गाडी फिरवून दाखवावी लागते. तोल येतो की नाही, एवढेच त्यातून कळते. ताशी 40 किलोमीटर वेगात असताना, समोर अचानक खूण झाल्यावर, दोन्ही ब्रेक लावून सरळ रेषेत गाडी थांबवणे, ही परीक्षा त्यात असावयास हवी. त्यासाठी शंभर मीटर लांबीची मोकळी, सपाट जागा पुरे. मानेसरला वाहनांच्या चाचणीसाठी आखीव मार्ग आहेतच. आठवड्यातून एक सकाळ ते तेथील कामगार तरुणांस, मागे बसणाऱ्या घरच्या माणसांसह, खुले करता येतील काय, याचा संबंधितांनी विचार करावा.