तेरावी गोळी

‘मॅगेझिन’ हा शब्द कानी पडला की आपल्या महाविद्यालयात दोनच गोष्टी आठवतात. एक, लेख देण्याची शेवटची तारीख. आणि दुसरी, ‘सर, चार पानांच्या वर नको हं’ असे व्हरांड्यात गाठून बजावणारे संपादक मंडळातील विद्यार्थी. शब्द मूळचा अरबी. ‘मखजन’ म्हणजे कोठार. त्या कोठारात कोणी दारूगोळा साठवला, तर १७३१ साली लंडनमध्ये एकाने आपल्या नियतकालिकाला तेच नाव देऊन त्यात लेख आणि कविता साठवल्या. तेव्हापासून या एका शब्दाच्या दोन वाटा झाल्या. आज मी लिहीत आहे ते त्या दुसऱ्या मॅगेझिनविषयी, म्हणजे बंदुकीला जोडलेल्या, गोळ्या भरून ठेवण्याच्या लहानशा पेटीविषयी. बेळगावातल्या एका प्राध्यापकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या सुट्टीत माझी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका विद्यापीठात ती शिकते. तिकडच्या पहिल्या आठवड्याची हकिकत सांगताना ती म्हणाली, “सर, ग्रंथालयाचे कार्ड दिले, बसचा पास दिला आणि मग एक छोटी चित्रफीत दाखवली. वर्गात गोळीबार सुरू झाला तर काय करायचे? आधी पळा, पळता आले नाही तर लपा, तेही जमले नाही तर हाताला लागेल ते घेऊन प्रतिकार करा. आपल्याकडे आग लागली तर काय करायचे ते सांगतात ना, अगदी तसे.” मग जरा थांबून तिने विचारले, “काही ठिकाणी म्हणे मॅगेझिनमध्ये किती गोळ्या असाव्यात याचाही कायदा आहे. पण एका गोळीनेसुद्धा माणूस मरतोच की सर. मग दहा काय नि तीस काय? सांगा की.”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते आता देतो.

मी विद्यार्थी असताना एन.सी.सी.त होतो. रेंजवर आमच्या हाती ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल येई. तिच्या मॅगेझिनमध्ये दहा गोळ्या मावतात. आम्हाला मोजून पाच मिळत आणि रिकामी काडतुसेही मोजून परत द्यावी लागत. पाचवी गोळी सुटली की मैदानावर एकदम शांतता पसरे. कान बधिर, खांदा ठणकतोय, आणि कुठून तरी टिटवीचा आवाज येतोय. आमचे हवालदारसाहेब म्हणत, “पोरांनो, गोळ्या भरताना शिपायासारखा दुबळा कोणी नाही. तेवढ्या वेळात शत्रू उठून उभा राहतो.” मॅगेझिनच्या कायद्याचे सारे मर्म हवालदारसाहेबांच्या या वाक्यात आहे. फरक इतकाच, की वर्गात, बाजारात, प्रार्थनास्थळात ‘शत्रू’ म्हणजे निःशस्त्र माणसे. ती शांतता त्यांच्या मालकीची असते.

८ जानेवारी २०११. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातले टूसॉन शहर. तिथल्या लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स एका दुकानाबाहेर मतदारांना भेटत होत्या. एका तरुणाने पिस्तूल चालवले. त्याला ३३ गोळ्यांचे मॅगेझिन लावलेले होते. सहा जण ठार झाले. गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी गेली, पण त्या वाचल्या. मॅगेझिन संपले आणि तो दुसरे काढू लागला, तेव्हा एका महिलेने ते हिसकावले आणि बाकीच्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. दोन वर्षांनी, ३० जानेवारी २०१३ रोजी, गिफर्ड्स यांचे पती आणि माजी अंतराळवीर मार्क केली यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्या दिवशी एका नऊ वर्षांच्या मुलीचा जीव घेणारी गोळी तेरावी होती, असे त्यांनी सांगितले. मॅगेझिन दहाचे असते तर ती मुलगी जगली असती, हे त्यांचे म्हणणे.

‘दहा काय नि तीस काय’ या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, हा एखाद्या वेळचा योगायोग. मग दुसरे उदाहरण घेऊ. २१ ऑक्टोबर २००२ रोजी ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात एक विद्यार्थी अनेक पिस्तुले घेऊन वर्गात शिरला. दोन विद्यार्थी ठार झाले, पाच जण जखमी झाले. एक शस्त्र सोडून दुसरे घेण्यासाठी तो थांबला, तेवढ्यात स्वतः जखमी असलेल्या प्राध्यापकाने त्याचे हात धरले आणि एक विद्यार्थी मदतीला धावला. तिथेही जीव वाचले ते त्या थांबण्यामुळेच. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थर येथील ३५ जणांच्या हत्येनंतर १९९६ मध्येच रायफलींचे नियम कडक केले होते. मोनाशनंतर पिस्तुलांच्या मॅगेझिनवरही दहा गोळ्यांची मर्यादा घातली.

अमेरिकेची कथा मात्र विचित्र आहे. तिथे रानबदकांची शिकार करताना बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे असू नयेत असा केंद्राचा नियम १९३५ पासून आहे. बंदुकीच्या नळकांड्यात एक खुंटी घालावी लागते, म्हणजे चौथे काडतूस मावतच नाही. पाखरांना उडून जाण्याची संधी मिळावी, त्यांचा वंश टिकावा, हा हेतू. माणसांसाठी मात्र देशव्यापी मर्यादा आली ती १९९४ मध्ये, दहा गोळ्यांची, आणि तीही दहा वर्षांच्या मुदतीने. आधी तयार झालेली मॅगेझिने तिच्यातून वगळली होती. २००४ मध्ये मुदत संपली आणि कायदाही संपला. आता राज्याराज्यांचा कारभार वेगळा. कॅलिफोर्नियात दहा, कोलोरॅडोत पंधरा, टेक्सासमध्ये मर्यादाच नाही. कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडून नेवाडात गेले की तिथेही नाही. गोव्याहून येताना नाक्यावर पिशव्या उघडून दाखवणाऱ्या आपल्यासारख्यांना हद्दीचा हा महिमा समजावून सांगायला नको. एका बाजूला निषिद्ध आणि दुसऱ्या बाजूला राजरोस विक्री, अशा व्यवस्थेत कायदा निम्मा लंगडा होतो. कॅलिफोर्नियाची मर्यादा वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळत होती. मार्च २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने ती वैध ठरवली.

कायदा अर्धवट लिहिला तर काय होते, हे न्यूझीलंडने दाखवले. तिथे १९९० मध्ये आरामोआना या गावी तेरा जणांची हत्या झाली. त्यानंतर १९९२ च्या कायद्याने ठरवले की, अर्धस्वयंचलित रायफलीला, म्हणजे चाप ओढावा तशी एकेक गोळी सोडणाऱ्या रायफलीला, सातपेक्षा अधिक गोळ्यांचे मॅगेझिन असेल तर वेगळा, कडक परवाना हवा. ठीक. पण मोठे मॅगेझिन नुसते, सुटे विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता! रायफल साध्या परवान्यावर घ्यायची, मॅगेझिन वेगळे मागवायचे आणि घरी बसून जोडायचे. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने हीच पळवाट वापरली. मृतांत पाच भारतीय होते. हैदराबादचे होते, बडोद्याचे होते. ज्या शहरांत आपली मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्याच शहरांतली ही माणसे. सहा दिवसांत पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी बंदी जाहीर केली आणि १० एप्रिलला संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा केला. या वेळी बंदुकीबरोबर मॅगेझिनचीही स्वतंत्र मोजणी झाली. सरकारने भरपाई देऊन ५६ हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या. सहा दिवसांत जे करता आले ते आधीच्या सत्तावीस वर्षांत का झाले नाही, हा प्रश्न मात्र मागे उरतो.

कॅनडाने मॅगेझिन ही वस्तूच निषिद्ध ठरवण्याचा मार्ग घेतला. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौदा स्त्रियांना वेचून मारण्यात आले. त्यानंतर १९९१ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी अर्धस्वयंचलित रायफलींना साधारणपणे पाच आणि पिस्तुलांना दहा गोळ्यांची मर्यादा आली. व्यवहारात तीस गोळ्यांच्याच पेटीला आत रिव्हेट ठोकतात आणि सहावी गोळी जाऊ देत नाहीत. रिव्हेट काढता येतो, हे उघड आहे. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने असा फेरफार करणे हाच गुन्हा ठरवला.

आता विरोधकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे; एकतर्फी बाजू मांडणे हे वर्गातही बरे नव्हे आणि लेखातही. त्यांचा सर्वांत बळकट पुरावा व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा आहे. १६ एप्रिल २००७ रोजी तिथे बत्तीस जण मारले गेले. त्यांत वर्गात शिकवत असलेले प्रा. जी. व्ही. लोगनाथन हे मूळचे तमिळनाडूचे. मारेकऱ्याकडे दहा आणि पंधरा गोळ्यांची मॅगेझिने होती, पण पुष्कळ. चौकशी मंडळानेच निष्कर्ष काढला की, दहाची मर्यादा असती तरी त्या घटनेत फारसा फरक पडला नसता. हे मान्य केले पाहिजे. ज्याच्यापुढे कोंडलेली, बाकांखाली दडलेली मुले आहेत, त्याला मॅगेझिन बदलायला सवड मिळते. दुसरा आक्षेप असा की, कायदा सज्जनच पाळतात. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी उतोया बेटावर ६९ जणांना मारणाऱ्याने तीस गोळ्यांची मॅगेझिने अमेरिकेतून टपालाने मागवली होती.

पण या दोन्ही उदाहरणांतून मर्यादा निरर्थक ठरते की अपुरी ठरते? माझ्या मते अपुरी. व्हर्जिनिया टेक सांगते की पहिला दरवाजा, म्हणजे बंदूक कोणाच्या हाती द्यायची हा विचार, मॅगेझिनच्या आधी बंद झाला पाहिजे. नॉर्वे सांगते की एका देशाची ढिलाई दुसऱ्या देशात जाऊन फुटते. घराला कडी लावली म्हणून चोर कायमचे थांबत नाहीत; पण म्हणून कोणी कडी काढून ठेवत नाही. घरदाराच्या रक्षणाला दहाहून अधिक गोळ्या लागतात, असे म्हणणाऱ्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. परंतु त्या कल्पित रात्रीसाठी राखलेली विसावी गोळी आणि टूसॉनमध्ये खरोखर सुटलेली तेरावी गोळी, या दोहोंत माझ्या लेखी जड पारडे दुसरीचे आहे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने पहिलाच दरवाजा अरुंद ठेवला आहे. किती काडतुसे बाळगायची हेही परवान्यावर लिहिलेले असते. म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. गावठी पिस्तुलाला परवाना नसतो हे रोजचे वर्तमानपत्र सांगते. पण आपली मुले आता जगभर शिकायला जातात, तेव्हा टेक्सासचा कायदा हा केवळ टेक्सासचा प्रश्न राहत नाही.

मला एकाच गोष्टीचे वैषम्य वाटते. आरामोआना, माँट्रियल, पोर्ट आर्थर, मोनाश, क्राइस्टचर्च: प्रत्येक ठिकाणी आकडा ठरला तो प्रेते मोजल्यानंतर. गोळ्या आधी मोजल्या असत्या तर?

त्या विद्यार्थिनीला मी हेच लिहून कळवणार आहे. दहाची मर्यादा तुझे रक्षण करील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ती फक्त एक क्षण देते. दाराकडे धावायला, मैत्रिणीला ओढून घ्यायला, किंवा समोरच्याचा हात धरायला. ज्या राज्यात तू शिकतेस तिथे कायद्याने तोही क्षण तुझ्यासाठी राखून ठेवलेला नाही. तिथल्या बदकांसाठी मात्र तो १९३५ पासून राखलेला आहे.